एन्रॉनचा हिशेब: कोणत्या खुर्चीतून?



3 ऑगस्ट 1995 रोजी महाराष्ट्र सरकारने दाभोळ वीज प्रकल्प रद्द केल्याचे जाहीर केले. अंजनवेलच्या पठारावर तोवर पाच महिने काम चालू होते. काम थांबले की दिवसाला अडीच लाख डॉलरचे नुकसान होते, असे प्रकल्प उभारणारी एन्रॉन ही अमेरिकी कंपनी सांगत होती. तिकडे ह्यूस्टनमध्ये एन्रॉन डेव्हलपमेंटच्या प्रमुख रिबेका मार्क यांच्यापुढे तीन वाटा होत्या. लंडनला लवादापुढे जाऊन भरपाई मागायची, नव्या सरकारशी पुन्हा बोलणी करायची, किंवा गाशा गुंडाळायचा. त्यांच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते?

हा प्रश्न मी बनवलेला नाही. या प्रसंगावर हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये केस लिहिली गेली आणि गुंतवणुकीचे निर्णय शिकवणाऱ्या वर्गांतून ती फिरली. आपल्या वाशिष्ठीच्या मुखाशी घडलेली गोष्ट बॉस्टनच्या वर्गात मुलांनी सोडवली. आजचा विषय कंपनीचे वित्त-व्यवहार प्रसंगाभ्यासातून कसे शिकावे हा आहे. चिपळुणात उभे राहून त्यासाठी दुसरे उदाहरण घेणे मला तरी जमले नसते.

ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते हिशेबनीस घडवणारे शिक्षक होते. जमाखर्चाची कुठलीही नोंद फळ्यावर पडली की ते विचारत, समोरच्याच्या वहीत ही नोंद कुठल्या बाजूला जाईल? दुहेरी नोंदीची पद्धत आपण सगळे शिकतो, पण दोन्ही बाजू आपल्याच वहीत बघतो. सरांचा प्रश्न दुसऱ्या माणसाच्या वहीबद्दल असे. आज मी तोच प्रश्न एका मोठ्या व्यवहाराला विचारणार आहे.

आधी पद्धतीविषयी थोडे. हार्वर्डची ही शाळा 1908 साली सुरू झाली. 1919 मध्ये वॉलेस डॉनम तिचे डीन झाले. ते कायद्याच्या शिक्षणातून आलेले होते. कायद्याचा विद्यार्थी निवाडे वाचून कायदा शिकतो, तसे व्यापाराच्या विद्यार्थ्याने खरे प्रसंग वाचून व्यापार शिकावा, हा आग्रह त्यांनी पद्धतशीर पुढे नेला. आपल्याकडे 1961 मध्ये अहमदाबादची आयआयएम हार्वर्डच्या सहकार्याने उभी राहिली आणि तिच्याबरोबर ही पद्धत आली. केस म्हणजे पंधरा-वीस पाने मजकूर, मागे आकड्यांची परिशिष्टे आणि एक निर्णय समोर ठेवून उभा असलेला माणूस. शिक्षक उत्तर सांगत नाही. तो एखाद्याला उठवतो आणि म्हणतो, बोला.

वित्ताच्या वर्गात काही केसेस पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. बटलर लंबर ही लाकडाच्या वखारीची केस घ्या. धंदा वाढतो आहे, नफा होतो आहे आणि तरी मालक बँकेच्या दारात उभा आहे. नफा आणि हातातली रोकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या वखारीने जितक्या मुलांना शिकवले तितके कुठल्या पाठ्यपुस्तकाने शिकवले असेल असे मला वाटत नाही. मॅरियट कंपनीच्या केसमध्ये हॉटेले, उपाहारगृहे आणि खानपानाची कंत्राटे असे तीन धंदे आहेत. तिन्हींना परताव्याची एकच कसोटी लावावी का, हा तिथला प्रश्न. चिपळूणच्या व्यापाऱ्याला हे सांगावे लागत नाही. दुकानात घातलेला पैसा आणि आंब्याच्या बागेत घातलेला पैसा त्याला सारखाच परतावा मागत नाही, हे त्याला ठाऊक असते. एमबीएच्या मुलाला मात्र ते सूत्रानिशी दाखवावे लागते.

आता दाभोळकडे येतो. नावापासूनच गंमत आहे. प्रकल्प खाडीच्या अलीकडे, गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूरच्या बाजूला. दाभोळ पलीकडच्या काठावर, दापोली तालुक्यात. कंपनीने नाव पलीकडचे घेतले आणि लोकांनी दोन्ही सोडून ‘एन्रॉन’ म्हणायचे ठरवले. ती कंपनी बुडून इतकी वर्षे झाली, तरी गुहागरकडे ते नाव अजून ऐकू येते.

1991 नंतर केंद्राने वीजनिर्मिती खासगी आणि परदेशी भांडवलाला खुली केली. जून 1992 मध्ये एन्रॉनची मंडळी दिल्लीत उतरली आणि काही दिवसांतच, 20 जूनला, राज्य वीज मंडळाशी सामंजस्य करार झाला. दोन हजार मेगावॉटच्या आसपासचा प्रकल्प, आखाती देशांतून आणायचा द्रवरूप वायू, सोबतीला जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल. एप्रिल 1993 मध्ये जागतिक बँकेने कळवले की ही योजना आर्थिकदृष्ट्या परवडणारी नाही. कारण असे की इतकी महाग वीज अहोरात्र घ्यायची म्हणजे कोळशावरची स्वस्त वीज बाजूला ठेवावी लागेल. बँकेने कर्ज दिले नाही. तरीही 8 डिसेंबर 1993 रोजी वीजखरेदीचा करार झाला, वीस वर्षांचा. पुढे राज्याची हमी आली आणि सप्टेंबर 1994 मध्ये केंद्राची प्रतिहमी.

हा करार एन्रॉनच्या खुर्चीत बसून वाचा. पहिला टप्पा 695 मेगावॉटचा, खर्च सुमारे 92 कोटी डॉलर. त्यातले सुमारे 64 कोटी कर्जाचे. अमेरिकेच्या एक्झिम बँकेचे जवळजवळ 30 कोटी, तिथल्याच ओपिक या सरकारी संस्थेचे 10 कोटी, बँक ऑफ अमेरिकेच्या पुढाकाराने बँकांच्या गटाचे 15 कोटी आणि आयडीबीआयसह भारतीय संस्थांचे साडेनऊ कोटी. भागीदारांचे स्वतःचे भांडवल सुमारे 28 कोटी डॉलर, त्यातला एन्रॉनचा वाटा सुरुवातीला 80 टक्के. म्हणजे एन्रॉनच्या खिशातून जायचे होते बावीस-तेवीस कोटी. विकत घेणारा एकच, वीज मंडळ. वीज घेतली नाही तरी स्थिर आकार द्यायचाच. तोही डॉलरशी बांधलेला. इंधनाचा खर्च जसा येईल तसा मंडळाच्या बिलात. मंडळाने पैसे थकवले तर राज्य देणार, राज्याने थकवले तर केंद्र. भांडण झाले तर निवाडा लंडनला. समभागांवरचा परतावा 25 टक्क्यांच्या आसपास, असा आकडा त्या काळच्या चर्चेत वारंवार येतो.

मुले ही आकडेमोड अर्ध्या तासात उरकतात. निव्वळ वर्तमान मूल्य भरपूर धन येते आणि वर्ग एकमताने म्हणतो, गुंतवणूक करा. माझे खरे शिकवणे इथे सुरू होते. मी विचारतो, हे 25 टक्के कशासाठी?

उत्तर येते, जोखमीसाठी. भारत नवा, मंडळाची पत कच्ची, रुपया घसरता, सरकारे बदलती. बरोबर. मग मी फळ्यावर एकेक जोखीम लिहितो आणि तिच्यापुढे करारातले कलम लिहितो. रुपया घसरला तर? दर डॉलरशी बांधला आहे. मागणी आली नाही तर? स्थिर आकार ठरलेला आहे. इंधन महागले तर? ग्राहकाच्या माथी. मंडळ बुडाले तर? हमी, प्रतिहमी. यंत्रे वेळेत उभी करणे आणि नीट चालवणे एवढीच जोखीम गुंतवणूकदाराकडे उरते, आणि त्याच्या हाताशी जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल आहेत. जोखमीचा मोबदला दरात वसूल झाला आहे आणि जोखीमही समोरच्याच्या गळ्यात बांधली आहे. एकाच गोष्टीचे दोनदा पैसे घेतले गेले, असे माझे मत आहे. हे मत मान्य नसलेले वित्ताचे प्राध्यापक आहेत. त्यांचे म्हणणे असे की अशा देशात करारावर लिहिलेले आणि हातात पडणारे यात फरक असतो, आणि ते 25 टक्के त्या फरकाचे आहेत. पुढे जे घडले त्याने त्यांचे म्हणणे निम्मे खरे ठरवले. त्याकडे येतोच.

आता खुर्ची बदलू. वांद्र्याच्या प्रकाशगडात, वीज मंडळाच्या हिशेब खात्यात बसा.

स्थिर आकार म्हणजे काय हे लग्नाच्या केटररवरून चटकन कळते. पाचशे पानांचे पैसे ठरले की तीनशेच पाहुणे आले तरी पाचशेचे द्यावे लागतात आणि जेवलेल्या माणसामागचा खर्च फुगतो. आकड्यांत बघू. 740 मेगावॉटचे केंद्र (पहिल्या टप्प्याची क्षमता पुढे तेवढी झाली) वर्षभर 90 टक्के चालले तर सुमारे 583 कोटी युनिट वीज होते. हिशेबाच्या सोयीसाठी स्थिर आकार वर्षाला 1,000 कोटी रुपये धरा. सगळी वीज घेतली तर युनिटमागे 1 रुपया 71 पैसे पडतात. निम्मीच घेतली, म्हणजे केंद्र 45 टक्के चालले, तर 3 रुपये 43 पैसे. 30 टक्क्यांवर आले तर 5 रुपये 14 पैसे. त्यावर नॅफ्थ्याचा, म्हणजे इंधनाचा, खर्च वेगळा. 2000-01 मध्ये काही महिन्यांत दाभोळचे युनिट सात रुपयांच्या वर गेले, ते असे. लोकांना वाटले कंपनीने दर वाढवला. दराच्या सूत्रातला एक शब्दही बदललेला नव्हता, बदलला होता तो भाजक.

कोष्टकात हा भाजक एकाच चौकोनात असतो. वर्गात मी मुलांना सांगतो, त्या चौकोनात 90 लिहिले आहे ते खोडून 60 करा, मग 40 करा आणि शेवटच्या ओळीकडे बघा. एन्रॉनच्या कोष्टकात ती ओळ जवळजवळ हलत नाही. मंडळाच्या कोष्टकात ती कोसळते. संवेदनशीलतेचे विश्लेषण असा भारदस्त शब्द पुस्तकात आहे, तो विसरलात तरी चालेल, पण दोन्ही कोष्टके शेजारी मांडून तो चौकोन बदलायला विसरू नका.

मंडळ वीज कमी का घेत होते? दुसरीकडे ती स्वस्त मिळत होती म्हणून. इथे आपल्या खोऱ्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. वरच्या अंगाला पोफळी, कोयनेची भूमिगत वीजगृहे. खालच्या अंगाला अंजनवेल. कोयनेचे अवजल वाशिष्ठीत उतरते आणि अंजनवेलला वळसा घालून समुद्राला मिळते. मार्च 1999 मध्ये कोयनेच्या जलाशयाला पाण्याखालून छेद देऊन चौथ्या टप्प्याचे पाणी घेतले गेले. 1,000 मेगावॉटचा टप्पा, ऐन मागणीच्या तासांना लागेल तशी वीज देणारा. त्याच वर्षी मे महिन्यात, त्याच नदीच्या दुसऱ्या टोकाला, दाभोळचे केंद्र व्यापारी तत्त्वावर सुरू झाले, अहोरात्र चालवावे अशा बेताचे. संध्याकाळी दोन-चार तास वीज कमी पडणाऱ्या राज्याला चोवीस तासांची महाग वीज बांधून घेतली गेली होती. रोख प्रवाहाच्या तक्त्यात वर्षे असतात, तास नसतात. विजेच्या धंद्यात तास कळला नाही तर वर्षाचा आकडा फसवतो.

रुपयाचेही तसेच. करार झाला तेव्हा डॉलर साडेएकतीस रुपयांच्या घरात होता, 2000 संपताना साडेशेहेचाळीसच्या पुढे गेला. खनिज तेल 1999 च्या सुरुवातीला पिंपाला दहा-बारा डॉलर होते, ते 2000 च्या शरदात तिशी ओलांडून गेले. दोन्ही घाव एकदम बसले आणि दोन्ही मंडळाच्या पारड्यात.

वर्तमान मूल्याची एक बाजू मात्र अजून उरते, आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. दहा वर्षांनी मिळणाऱ्या रुपयाची आजची किंमत काढा. 12 टक्के दराने ती 32 पैसे येते. 25 टक्के दराने 11 पैसे. वीस वर्षांनंतरचा रुपया 12 टक्क्यांनी दहा पैशांचा, 25 टक्क्यांनी जेमतेम एक पैशाचा. ह्यूस्टनमधल्या माणसाला कराराची शेवटची दहा वर्षे जवळजवळ दिसतच नाहीत. त्याचा सगळा जीव पहिल्या पाच-सात वर्षांत. म्हणून तो पैसे लवकर यावेत अशी रचना करतो, आणि तिच्यामुळे दर सुरुवातीलाच डोळ्यांवर येतो. मंडळ मात्र वीसच्या वीस वर्षे इथेच असते. एकाच करारावर सह्या करणारी ही दोन माणसे दोन वेगवेगळे कालखंड पाहत होती.

घाईला दुसरेही कारण होते. रेमंड व्हर्नन या अभ्यासकाने 1970 च्या आसपास हे सूत्र मांडले होते. परदेशी गुंतवणूकदार दारात उभा असतो तेव्हा सौदा त्याच्या बाजूने झुकलेला असतो. पैसा एकदा जमिनीत ओतला, यंत्रे उभी राहिली की पारडे यजमान देशाकडे झुकते, कारण विजेचे केंद्र उचलून परत नेता येत नाही. तेलाच्या आणि खाणींच्या करारांत हे पुन्हा पुन्हा घडलेले. एन्रॉनला हे ठाऊक नव्हते असे समजणे भाबडेपणाचे होईल. हमी, प्रतिहमी, लंडन, डॉलर हा सगळा तटबंदीचा प्रकार त्यासाठीच होता. पण तटबंदी जितकी उंच तितकी ती बाहेरून दिसते. 1995 च्या निवडणुकीत एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याची घोषणा गाजली, ती कराराचे स्वरूप लोकांना बोचले म्हणून. जोखीम टाळण्यासाठी घातलेली कलमे स्वतःच राजकीय जोखीम होऊन बसली.

याच सुमारास, जानेवारी 1995 मध्ये, एन्रॉनच्या एका उपाध्यक्षांनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सांगितले की भारतीयांना अशा प्रकल्पांचे शिक्षण देण्यावर आणि प्रकल्पाच्या तयारीवर कंपनीने दोन कोटी डॉलर खर्च केले. इथे त्यावरून काहूर उठले. आरोपांच्या राजकारणात मी शिरत नाही. शिक्षक म्हणून मला एवढेच वाटते की वित्ताचा इतका महाग अभ्यासक्रम दुसरा कुणी चालवला नसेल, आणि परीक्षा दोन्ही पक्षांना जड गेली.

रद्द झालेला प्रकल्प जानेवारी 1996 पर्यंत नव्या अटींवर परत आला. युनिटचा जाहीर दर उतरला. पहिल्या टप्प्याची क्षमता वाढली. मंडळाला तीस टक्के भागीदारी मिळाली. वर्तमानपत्रांतून हा विजय म्हणून गेला. केसच्या वर्गात मी दोन्ही करार शेजारी ठेवतो आणि विचारतो, काय गेले? बहुतेकांना दिसत नाही. मूळ करारात दुसरा टप्पा घ्यायचा की नाही हे मंडळाच्या मर्जीवर होते. नव्या करारात तो बंधनकारक झाला. वित्तशास्त्रात अशा मोकळीकीला किंमत असते. बाजारात त्याच हक्काचे सौदे होतात आणि लोक त्यासाठी रोख पैसे मोजतात. वीज लागली तर घेऊ, नाहीतर थांबू, हा हक्क मंडळाकडे फुकट होता. दरातल्या काही पैशांच्या सवलतीसाठी तो देऊन टाकला. शिवाय द्रवरूप वायू पुन्हा वायुरूप करण्याच्या यंत्रणेचा खर्च भांडवली खर्चातून वेगळा काढून इंधनाच्या बाजूने वसूल करायचे ठरले, त्यामुळे वरचा आकडा आणखी बारीक दिसू लागला. दोन प्रस्तावांची तुलना करताना प्रत्येक डब्यात काय भरले आहे हे आधी तपासा, असे मी सांगतो ते याच उदाहरणावरून.

हे सारे त्या काळी कुणाला दिसले नाही असे नाही. पुण्यातल्या ‘प्रयास’ या गटातले गिरीश संत, शंतनू दीक्षित, सुबोध वागळे यांनी 1995 मध्येच या व्यवहाराचे तांत्रिक आणि आर्थिक विश्लेषण केले. करार सहज हाती लागत नव्हता, तरी मिळेल त्या कागदांवरून त्यांनी मंडळाच्या बाजूचे कोष्टक मांडले. मागणी किती, स्वस्त पर्याय कोणते, ओझे किती वर्षे. मला विचाराल तर महाराष्ट्रात प्रसंगाभ्यासाचा सर्वांत उत्तम वर्ग तेव्हा कुठल्याही व्यवस्थापन संस्थेत भरला नाही, तो या मूठभर माणसांच्या टेबलावर भरला. त्यांना केस आयती लिहून मिळाली नव्हती, त्यांनी ती जमवली. परिशिष्टे हातात आल्यावर आकडेमोड करणे ही निम्मी विद्या आहे. कुठले परिशिष्ट दिलेलेच नाही हे ओळखणे ही उरलेली निम्मी.

केसपद्धतीवरचा माझा आक्षेपही हाच. कंपनीत जाऊन लिहिलेली केस सहसा कंपनीच्या संमतीने प्रसिद्ध होते. नायक व्यवस्थापक असतो, प्रश्न त्याचा असतो, परिशिष्टे त्याच्या कचेरीतली. समोरच्या बाजूला एक धूसर आकृती असते, तिचे नाव ‘सरकार’ किंवा ‘स्थानिक विरोध’. वेलदूरच्या मच्छीमाराचे खाडीतले उत्पन्न कुठल्याच चौकोनात नसते. दुसरे असे की केस निर्णयाच्या दिवशी संपते. मुले हुशारीने निर्णय देतात, तास संपतो, चहाला जातात. पाच वर्षांनी आलेल्या बिलाशेजारी त्यांना कुणी बसवत नाही.

त्या बिलाशेजारी थोडे बसू. 2000 च्या अखेरीस मंडळाला दाभोळची बिले भागवता येईनात. जानेवारी 2001 मध्ये मंडळाने उलट कंपनीवर 401 कोटी रुपयांच्या दंडाचा दावा केला. केंद्र उपलब्ध असल्याचे कळवले होते पण सांगितल्या वेळेत ते पूर्ण भार घेऊ शकले नाही, असे मंडळाचे म्हणणे. फेब्रुवारीत कंपनीने डिसेंबरच्या 79 कोटींच्या बिलासाठी केंद्राची प्रतिहमी वटवायला काढली.

हमीची किंमत किती, हा वित्तातला सुरेख प्रश्न आहे. मंडळ राज्याचे, पहिला हमीदार राज्यच. ज्या वर्षी मंडळाची तिजोरी रिकामी होते, त्याच वर्षी राज्याचीही ओढाताण चालू असते, कारण मंडळाचा तोटा शेवटी राज्याच्या अंगावर येतो. कर्जदार आणि जामीन एकाच घरातले असतील तर बँकेचा साधा शाखाधिकारीही भुवया उंचावतो. इथे जगातल्या नामांकित बँकांनी ती हमी पुरेशी मानली. त्यांच्या खुर्चीतून पाहिले तर भरवसा खरा प्रतिहमीवर होता, आणि प्रतिहमीलाही मर्यादा होत्या. मघाच्या प्राध्यापकांचे म्हणणे निम्मे खरे म्हटले ते यासाठी. कागदावर दुसऱ्याच्या गळ्यात बांधलेली जोखीम त्याला पेलेनाशी झाली आणि ती दोर तोडून परत आली.

एप्रिल 2001 मध्ये या व्यवहाराची छाननी करणाऱ्या माधव गोडबोले समितीचा अहवाल आला. हा करार मंडळाला पेलणारा नाही आणि त्याची फेररचना हवी, असा त्याचा रोख होता. मेमध्ये मंडळाने करार संपवल्याचे जाहीर केले, महिनाअखेरीस केंद्र बंद पडले. दुसरा टप्पा तेव्हा जवळपास उभा राहिला होता. 2 डिसेंबर 2001 रोजी खुद्द एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला.

त्या दिवाळखोरीनंतर बाहेर आलेला एक तपशील गुंतवणूक-निर्णयाच्या प्रत्येक वर्गात सांगावा असा आहे. एन्रॉनच्या आंतरराष्ट्रीय विभागात प्रकल्प जमवणाऱ्यांना बोनस मिळे तो प्रकल्पाची आर्थिक बांधणी पूर्ण झाल्यावर, आणि तो मोजला जाई अपेक्षित रोख प्रवाहाच्या वर्तमान मूल्यावरून. वीज निघण्याआधी, पहिले बिल जाण्याआधी. म्हणजे ज्याने अंदाज मांडायचा त्याचाच मोबदला त्या अंदाजाच्या फुगवट्यावर ठरणार. पुस्तकात निव्वळ वर्तमान मूल्याचे सूत्र येते तेव्हा अंशात रोख प्रवाह असतो आणि छेदात दर. तो अंदाज कुणी केला आणि त्याला त्याबद्दल काय मिळाले, हे त्या सूत्रात कुठेच येत नाही. दाभोळचे कोष्टक ह्यूस्टनमध्ये कुणी कसे भरले हे मला इथून सांगता येणार नाही. पण ही बोनस-पद्धत डोळ्यांपुढे ठेवली की 90 टक्क्यांचा तो चौकोन वेगळा दिसू लागतो.

म्हणून मी ही केस एका बैठकीत कधी घेत नाही. पहिल्या दिवशी ह्यूस्टन, दुसऱ्या दिवशी प्रकाशगड, तिसऱ्या दिवशी कर्ज देणारी बँक. गट तेच, खुर्च्या फिरत्या. काल ज्यांनी 25 टक्के हक्काने मागितले त्यांना आज ते कुठून द्यायचे हे शोधावे लागते. बँकेच्या दिवशी वर्ग सर्वांत शांत असतो. नफ्यात वाटा नाही, तोट्यात मात्र आहे, अशा जागी बसून मुले पहिल्यांदा करार कलमवार वाचतात. चौथा दिवस मी मोकळा ठेवतो, ज्यांना खुर्चीच मिळाली नाही त्यांच्यासाठी. त्या दिवशी कोष्टक उपयोगाला येत नाही, त्यामुळे हुशार मुले थोडी चिडतात.

पुढची गोष्ट थोडक्यात. 2005 मध्ये एनटीपीसी आणि गेल यांच्या पुढाकाराने रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी उभी राहिली. केंद्र सुरू झाले, कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला वायू आटला तसे पुन्हा थंडावले, मग रेल्वेने वीज घ्यायचे ठरवले तेव्हा हलले. वायू उतरवण्याचे टर्मिनल 2013 मध्ये चालू झाले आणि पुढे कोकण एलएनजी ही त्याची वेगळी कंपनी झाली. पण लाटा अडवणारा समुद्रातला बंधारा अपुरा होता. त्यामुळे ऐन पावसाळ्यात तिथे जहाज लावता येत नसे आणि वर्षातले काही महिने टर्मिनल रिकामे बसे.

त्या वेळी समोर असलेला प्रश्न आजच्या श्रोत्यांसाठी ठेवतो. बंधारा पुरा करायचा का? प्रकल्पावर आधी बुडालेले हजारो कोटी या हिशेबात धरायचे नाहीत, हे कुठलेही पुस्तक सांगेल. बंधाऱ्याचा खर्च एका बाजूला आणि पावसाळ्याच्या महिन्यांत उतरवता येणाऱ्या वायूचे उत्पन्न दुसऱ्या बाजूला, एवढेच मांडायचे. आता तो वायू पावसाळ्यात घेणार कोण, कोयना भरलेली असताना? खत कारखाने, शहरांतला नळाचा गॅस, की गुजरातच्या किनाऱ्यावरून आधीच भागणारी मागणी? बंधाऱ्याचा भार टर्मिनल वापरणाऱ्याने उचलायचा की मालकाने? आणि खाडीतल्या होड्यांना त्या बंधाऱ्याने आडोसा मिळणार असेल, तर तो कुणाच्या वहीत जमा धरायचा? प्रश्नोत्तरांसाठी अध्यक्षांनी अर्धा तास ठेवला आहे. यापासूनच सुरुवात करू. पहिले उत्तर मागच्या रांगेतून आले तर बरे.